निवांतपणाचे वाटेकरी

चाकरीचीं वर्षें मुंबईपुण्यास काढून उतारवयांत कोंकणांतील वडिलार्जित घरीं येऊन राहणारे गृहस्थ आमच्या समाजांत पूर्वीपासून आहेत. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून तर हें जाणेंयेणें पुष्कळच सोपें झालें आहे. मुलांचीं शिक्षणें, लग्नकार्यें सारीं उरकल्यावर जो निवांतपणा लाभतो, त्याची गोडी सणासुदीला कळत नाहीं. ती कळते पौषांतील एखाद्या साध्या दिवशीं. पौषांत मंगलकार्यें निघत नाहींत, त्यामुळें पाहुण्यांची वर्दळ नसते. भात झोडून घरांत आलेलें असतें. कुळीथ आणि कडवे वाल जमिनींत उरलेल्या ओलीवर आपले आपण वाढत असतात. आंब्याला मोहोर फुटूं लागलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहण्यापलीकडे करण्यासारखें कांहीं नसतें.

अशा दिवसाला घड्याळ लागत नाहीं. सकाळीं दंव ओसरेपर्यंत गवती चहाचा पेला हातांत घेऊन पडवींत बसावें. मग मऊ भात, त्यावर साजूक तूप, मेतकूट आणि बाजूला लिंबाचें लोणचें. अंगणांत सुपारी वाळत पडलेली असते. ती वाळावयास सुमारें सवा महिना लागतो, आणि तिला घाई केलेली चालत नाहीं. मधून मधून ती हलवावी, सांजवेळीं दंवाच्या आधीं झांकावी, एवढेंच काम. दुपारीं वामकुक्षी. शास्त्रार्थानें ती डाव्या कुशीवर घटकाभर टेकण्यापुरतीच; पण अशा दिवशीं ती चार वाजेपर्यंत लांबली, तरी जाब विचारणारा साहेब आतां उरलेला नसतो. तुळशीपुढें दिवा लागला कीं दिवस संपला.

समर्थांनीं दासबोधांत आळसाची कडक निंदा केली आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु कर्तव्य टाळून बसणें हा आळस; कर्तव्य आटोपून बसणें हा विसावा. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें प्रपंचांतून पाय काढावा, असें मनुस्मृतींतहि सांगितलें आहे. तेव्हां या विसाव्याला कोणीं नांवें ठेवूं नयेत, असेंच आमचें मत आहे.

विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. वर वर्णिलेल्या दिवशीं गवती चहा उकळला कोणीं? मऊ भात किती वाजतां चढला? वामकुक्षीपूर्वींचीं ताटें कोणीं उचललीं? गृहस्थ ५८ व्या किंवा ६० व्या वर्षीं निवृत्त होतो; गृहिणीची निवृत्ति कोणत्याहि सरकारी हुकमांत लिहिलेली नाहीं. कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणून तिला जें मिळतें, तें पतीच्या पश्चात्; तिच्या स्वतःच्या श्रमांबद्दल नव्हे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं देशभर लोकांच्या दिनचर्येची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जातात, आणि त्याला हात लावणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें तींत आढळलें. वनांत जातांना पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें, असे मनूनें दोन मार्ग सांगितले. बरोबर नेण्याचा अर्थ चूलहि बरोबर नेणें, असा आपण करून घेतला आहे. आतां चुलीच्या जागीं गॅसची शेगडी आली. बसणें गेलें, उभें राहणें आलें. बाकी फारसें बदललें नाहीं.

आमच्या रूढींनीं विसाव्याचा विचारच केला नाहीं, असें नाहीं. श्रावणांत शीतलासप्तमीला चूल पेटवीत नाहींत. पण त्यासाठीं आदल्या दिवशीं दुप्पट रांधावें लागतें. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ या म्हणींतील दुप्पट खाणें शिजवावयाचें असतें, तें कोणीं, हें सांगावयास नकोच. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी हीं कांहीं देवाच्या कृपेनें ताटांत उतरत नाहींत. सारांश, चुलीला सुटी मिळाली, तरी चुलीपुढलीला मिळाली नाहीं.

यावर मोठ्या सुधारणेची गरज आम्हांला दिसत नाहीं. नोकरींत असतांना पुरुषाजवळ जी गोष्ट कधींच नव्हती, ती आतां विपुल आहे; ती म्हणजे वेळ. आठवड्यांतील एक वार त्यानें आपल्याकडे घ्यावा. मऊ भाताला पांडित्य लागत नाहीं: तांदळाच्या पांचसहापट पाणी, चवीपुरतें मीठ आणि मंद आंच. दुपारीं दहींभात झाला, तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. नियम दोनच. मिठाचा डबा कोठें आहे, हें विचारण्यासाठीं तिला उठवूं नये. आणि पतीनें पुसलेला ओटा तिनें पुन्हां पुसूं नये. यांपैकीं दुसरा नियम पाळणें अधिक कठीण, असें अनुभवी गृहिणी सांगतात.

चाळीस वर्षें एका छपराखालीं नांदूनहि पुष्कळ जोडपीं एकाच वेळीं रिकामीं अशीं बसलेलीं नसतात. एक बसलें कीं दुसरें उठतें. तें एकत्र बसणें जमावें, याचसाठीं पेन्शनीचीं वर्षें आहेत, आणि तीं मोजकीं आहेत. विसावा दोघांनीं वाटून घेतला म्हणून कमी होत नाहीं. एकट्यानेंच घेतला, तर मात्र त्याची किंमत दुसऱ्यानें भरलेली असते.