नक्षत्रांची नावे ल्यालेली विमाने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात आम्ही सत्तावीस नक्षत्रांची नावे तोंडपाठ केली होती. तीच नावे पुढे एका धावपट्टीवर भेटतील, हे मात्र स्वप्नातही आले नव्हते.

सन १९७२ मध्ये मी पुण्यास एम.ए.चा विद्यार्थी होतो. एका रविवारी मित्राने मला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर नेले. केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने १९५० साली सुरू केलेली ही संस्था. मैदानाच्या एका टोकाला इंजिनावर फिरणारे मोठे रहाट, म्हणजे विंच, होते आणि दुसऱ्या टोकाला बिनइंजिनाचे लाकडी विमान. रहाट फिरू लागताच तारेचा दोर ताणला गेला. पतंग वर जावा तसे ते विमान चढले आणि दोर सोडून मोकळे झाले. तेवढ्यात शेजारचा प्रशिक्षक म्हणाला, ‘‘रोहिणी चढली!’’ मी शेतकऱ्याचा मुलगा. क्षणभर मला पेरणीच आठवली.

इंजिनावाचून विमान तरते कसे? खरे म्हणजे ग्लायडर भोवतालच्या हवेच्या मानाने सतत खालीच उतरत असते. परंतु ती हवाच त्याहून अधिक वेगाने वर जात असेल, तर विमानही वर जाते. आपल्याकडे संत्र्याच्या हिरव्या बागेपेक्षा नांगरलेली काळी जमीन उन्हाने लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. घार पंख न हलवता गिरक्या घेते, ती याच हवेच्या खांबात. वैमानिकही तेच करतो. किंबहुना घार दिसली की तिकडेच वळतो.

आता नावांविषयी. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर याच खात्याचे तांत्रिक केंद्र होते. तेथे एस. रामामृतम् यांनी आखलेले ‘अश्विनी’ १९५८ साली उडाले. पुढे ‘भरणी’, कृत्तिकेचे नाते सांगणारे ‘कार्तिक’, ‘रोहिणी’, ‘मृगशीर्ष’ आणि ‘आर्द्रा’ अशी मालिका झाली. उड्डाणांचा क्रम काटेकोरपणे नक्षत्रांचा नव्हता. रोहिणी १९६१ साली उडाली, तर कार्तिक १९६३ साली. परंतु सहाही नावे एकत्र मांडली की नक्षत्रमालेचा आरंभ अखंड उभा राहतो. १९७९ साली उडालेली आर्द्रा पुढे कानपूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एन.सी.सी.च्या छात्रांसाठी बांधली.

हे मी भाषेचा अध्यापक या नात्याने सांगतो आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि विज्ञानाच्या पुस्तकात इंग्रजी, अशी आपली तिहेरी वाटणी झाली. आपली बोली स्वयंपाकघरापुरती आणि शेतापुरतीच, असे आपणच मानू लागलो. मीही तसेच मानीत होतो. हडपसरच्या त्या एका हाकेने माझा तो समज मोडला. रोहिणी, मृग, आर्द्रा हे माझ्या आजीच्या तोंडचे शब्द. मे अखेरीस रोहिणी लागली की ती बियाणे काढून ठेवी आणि जूनच्या सातव्या दिवसाकडे, मृगाकडे, डोळे लावून बसे. अभियंत्यांनी नव्या यंत्रांस नावे दिली, ती तिला समजावून सांगावी लागली नसती. शिवाय ती नावे हिंदी शेजाऱ्यालाही तितकीच आपली वाटतात.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्ह्याला नव्या इमारती मिळतील. मुलांना नवे ज्ञान आपल्या शब्दांत सांगण्याचे काम मात्र शाळेलाच करावे लागेल. गुरुजींनी आम्हांस नावे पाठ करविली, तेव्हा ती कोठे उपयोगी पडतील हे त्यांनी विचारले नव्हते. त्यांचे स्मरण करावयाचे, तर येथील मुलांना उन्हाळ्यातील एका दुपारी शाळेबाहेर न्यावे, गिरक्या घेणारी घार दाखवावी, आणि ती वर का जाते हे मराठीत विचारावे.