अनामत कुणाची?

टेम्पोत शेवटची पेटी चढली, की मालक आणि बिऱ्हाडकरू रिकाम्या खोलीत समोरासमोर उभे राहतात. इतके दिवस कपाटामागे दडलेली भिंत उघडी पडलेली असते. दोन-तीन वर्षांचा घरोबा पाच मिनिटांत हिशेबावर येतो! रंगाचे इतके, सफाईचे इतके, नळाचे इतके. आणि अनामत निम्मी होऊन हाती पडते.

वास्तविक ‘अनामत’ हा शब्दच पुष्कळ सांगून जातो. अरबीतील ‘अमानत’चे हे मराठी रूप. अर्थ, विश्वासाने सोपवलेली ठेव. म्हणजे पैसा बिऱ्हाडकरूचा. मालक केवळ राखणदार.

मग त्यातून कापायचे काय? इथे झीज आणि नुकसान यांतला भेद ओळखला पाहिजे. उन्हाने विटलेला रंग, वावराने झिजलेली फरशी, ही झीज. तिचे मोल भाड्यातच आले. फुटलेले बेसिन, उखडलेला गिलावा, तेलाने माखलेला तसाच टाकलेला ओटा, हे नुकसान. त्याची भरपाई मागणे रास्तच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही भाडेकरूने घर पूर्वीच्या स्थितीत परत करावे असे सांगताना वाजवी झीज वगळली आहे.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने तर कामेच वाटून दिली. करारात निराळे ठरले नसेल, तर भिंतींची सफेदी व दारे-खिडक्यांचा रंग मालकाकडे. नळाची दुरुस्ती, मोरीची सफाई, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राहत्या घराची अनामतही दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको. मात्र हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो करार लेखी हवा व नोंदवलेलाही हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. अनामतीतून काय कापावे, हे त्याच करारात लिहिलेले असते, आणि नेमकी तीच ओळ न वाचता आपण सही ठोकतो!

तेव्हा वाचकहो, राहायला जाताना दोघांनी मिळून घर पाहावे. भिंतीवरची ओल, तडकलेली फरशी, गळका नळ यांची यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत, दोघांनी सह्या कराव्यात. सोडताना तोच कागद पुढे ठेवावा आणि जे कापले जाईल त्याची पावती मागावी. असा कागद हाती असला, की शब्दाने शब्द वाढत नाही.

घर झाडून-पुसून परत करणे ही बिऱ्हाडकरूची रीत. ठेव मोजून परत करणे ही मालकाची.