रेशीम, राजवंश आणि दख्खन: चीनच्या इतिहासाविषयी काही कुतूहलाचे प्रश्न

बंगळुरू शहरातून होसूरकडे जाणारा रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता जेथे एकत्र येतात, त्या चौकाचे नाव ‘सिल्क बोर्ड’ असे आहे. वाहतुकीच्या कोंडीसाठी हा चौक देशभर ओळखला जातो. १९४८च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाच्या मुख्यालयावरून त्याला हे नाव मिळाले. रेशमाच्या धाग्याचे एक टोक चीनमध्ये आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र हा धागा दख्खनला कधी आणि कोणत्या वाटेने जोडला गेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचा मागोवा घेताना चीनच्या राजवंशांविषयीचे इतरही काही प्रश्न आपोआप पुढे येतात.

पहिला प्रश्न नावाचा. ‘चीन’ हा शब्द चिनी माणसे स्वतःच्या देशासाठी वापरत नाहीत. त्यांचा शब्द ‘चोंगक्वो’, म्हणजे मध्यवर्ती राज्य. गंमत अशी की, पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला बौद्ध भिक्षू फाहियान याने हाच चिनी शब्द भारतातील ‘मध्यदेशा’साठी, म्हणजे गंगेच्या खोऱ्यासाठी योजला होता. श्रद्धाळू बौद्धाच्या दृष्टीने जगाचे मध्य बुद्धाच्या भूमीत होते, त्याच्या स्वतःच्या देशात नव्हते.

‘चीन’ हे नाव ‘छिन’ या राज्यावरून आले असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. छिन हे चीनच्या पश्चिम सीमेवरील राज्य होते आणि पश्चिमेकडील लोकांचा संबंध सर्वप्रथम त्याच्याशी येई. इ.स.पू. २२१ मध्ये या राज्याच्या राजाने उरलेली सर्व राज्ये जिंकून पहिले साम्राज्य उभारले. ते जेमतेम पंधरा वर्षे टिकले. त्यानंतरचा हान वंश मध्ये एक खंड पडूनही सुमारे चारशे वर्षे चालला. चीनमधील बहुसंख्य समाज आजही स्वतःला ‘हान’ म्हणवतो. बाहेरच्या जगात मात्र अल्पायुषी छिन राज्याचे नाव उरले.

या नावाशी भारतीय विद्वत्तेतील एक जुना वाद निगडित आहे आणि त्याचे मूळ कर्नाटकात आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील आर. शामशास्त्री यांच्या हाती तंजावर भागातील एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी दिली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची होती. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये तिचा संस्कृत पाठ प्रसिद्ध केला आणि लुप्त झाला असे समजला जाणारा ग्रंथ जगापुढे आला. राज्याच्या कोशात जमा करावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगताना या ग्रंथात ‘कौशेय’ आणि ‘चीनभूमी’त निपजणारे ‘चीनपट्ट’ यांचा उल्लेख येतो.

हा एक शब्द अडचणीचा ठरला. परंपरेनुसार कौटिल्य हा चंद्रगुप्त मौर्याचा मंत्री, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकातला. छिन साम्राज्य तर त्यानंतर शंभर वर्षांनी स्थापन झाले. मग हा शब्द त्याच्या ग्रंथात कसा आला? ग्रंथ उत्तरकालीन आहे, असा निष्कर्ष काहींनी काढला. साम्राज्य नवे असले तरी छिन राज्य त्याआधी कित्येक शतके अस्तित्वात होते, त्यामुळे नाव आधीच पोहोचले असू शकते, असे उत्तर दुसऱ्या बाजूने दिले. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक र. पं. कंगले यांनी कौटिल्याच्या कर्तृत्वाची बाजू मांडली. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी ग्रंथाचा गाभा इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा ठरवला आहे. एकट्या ‘चीनपट्टा’वर हा निवाडा होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरीही भारतीय राज्यशास्त्राच्या आद्य ग्रंथाचे वय ठरवताना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एका चिनी कापडाला उभे राहावे लागले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

चिनी रेशीम येण्यापूर्वी भारतात रेशीम नव्हते काय? होते, परंतु ते वेगळे होते. टसर, मुगा, एरी यांसारख्या रेशमांचे कीटक येथील जंगलांतलेच. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर वन्य रेशमाचे तंतू सापडले आहेत. महाराष्ट्रातील प्रवरा नदीकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू असल्याचे आढळले. चीनचे वैशिष्ट्य होते ते तुतीच्या पानांवर पोसलेल्या, पूर्णतः पाळीव बनलेल्या कीटकाचे आणि त्याच्या कोषातून अखंड धागा उलगडण्याच्या कलेचे.

ही कला चीनबाहेर कशी गेली, याची सर्वांत प्रसिद्ध कथा मध्य आशियातील खोतान राज्याची आहे. खोतानच्या राजाने पूर्वेकडील राजकन्येला मागणी घातली आणि ‘आमच्याकडे रेशीम नाही, वस्त्रे हवी असतील तर साधने घेऊन ये’ असा निरोप तिला पाठवला. तिने तुतीचे बी आणि रेशीमकीटकांची अंडी आपल्या शिरोभूषणात लपवली. सीमेवरील पहारेकऱ्यांनी सगळी झडती घेतली, पण राजकन्येच्या मस्तकाला हात लावण्याचे धाडस कोणाला झाले नाही. पुढे राणी झाल्यावर तिने रेशीमकीटकांना मारू नये, पतंग उडून गेल्यावरच कोष वापरावा, अशी आज्ञा शिळेवर कोरून घेतली, असेही कथेत म्हटले आहे. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ती ज्याने लिहून ठेवली, तो प्रवासी दख्खनच्या इतिहासाचाही मोठा साक्षीदार आहे.

ह्युएन त्संगने पाहिलेला महाराष्ट्र

ह्युएन त्संग हा थांग वंशाच्या काळातील भिक्षू. राज्याबाहेर जाण्यास बंदी असताना तो निघाला आणि इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. मधल्या काळात, इ.स. ६४१च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला. बदामीच्या चालुक्य वंशातील दुसऱ्या पुलकेशीचे तेव्हा येथे राज्य होते. कर्नाटकातील बदामीहून चालणाऱ्या या राज्याला त्याने ‘मो-हो-ला-च’, म्हणजे महाराष्ट्र, असे नाव दिले आहे. आजच्या भाषिक सीमांच्या चौकटीत त्या काळाकडे पाहणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

येथील लोकांविषयी त्याने लिहिलेला परिच्छेद मराठी वाचकांना परिचित आहे. माणसे उंच आणि मानी. उपकार विसरत नाहीत, अपमान तर त्याहून नाही. सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी सूचना देतात. पराभूत सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीची वस्त्रे देतात. युद्धापूर्वी योद्धे मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही त्याने नोंदवले आहे. उत्तरेचा सम्राट हर्ष याने स्वतः सैन्य घेऊन चाल केली, तरी हे लोक नमले नाहीत, असे तो सांगतो. पुलकेशीचा ऐहोळे येथील शके ५५६चा शिलालेखही हर्षाच्या पराभवाविषयी बोलतो. राजाच्या आश्रित कवीने केलेल्या स्तुतीवर एरवी कोणी फारसा विश्वास ठेवला नसता. हर्षाचा सन्मान लाभलेल्या परदेशी भिक्षूने तिला दुजोरा दिल्यामुळे तिचे वजन वाढले. ह्युएन त्संगचे महत्त्व या ठिकाणी आहे, मराठी स्वभावाच्या प्रशंसेत नाही.

राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णनही तो करतो. प्रवेशाशी दोन दगडी हत्ती आहेत आणि हा विहार अचल नावाच्या अर्हताने निर्माण केला, असे त्याने लिहिले आहे. हे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी हत्तींची जोडी आजही दिसते आणि सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात अचल या भिक्षूचे नाव आहे. ह्युएन त्संग तेथे स्वतः गेला होता की त्याने ऐकीव माहिती नोंदवली, याविषयी मतभेद आहेत.

हे प्रवासवर्णन इ.स. ६४६ मध्ये थांग सम्राट थाइत्सोंग याच्या आज्ञेवरून तयार झाले. पश्चिमेकडील राज्ये, त्यांची सैन्ये, अंतरे आणि पिके यांत सम्राटाला रस होता. म्हणूनच धर्मयात्रेच्या या वृत्तांतात लष्करी तपशिलांना इतकी जागा मिळाली असावी. याच सम्राटाने उसापासून साखर करण्याची कृती शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. दाणेदार साखरेला हिंदीत पुढे ‘चीनी’ हे नाव पडले, ही त्या व्यवहाराची उलटी बाजू.

बदामीहून स्त्री-सम्राटाकडे

चीनच्या दोन हजार वर्षांच्या साम्राज्यकाळात स्वतःच्या नावाने सम्राटपद धारण करणारी स्त्री एकच झाली. तिचे नाव वू त्स-थिएन. तिने इ.स. ६९० मध्ये थांग वंशाचे राज्य बाजूला सारून ‘चौ’ या नावाने स्वतःचा वंश घोषित केला आणि ७०५ पर्यंत राज्य केले. तिच्या कारकीर्दीच्या आरंभी, इ.स. ६९२च्या सुमारास, भारताच्या पाच भागांतील राजांनी दरबारात नजराणे पाठवल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आढळते. त्यांतील दक्षिणेच्या राजाचे नाव चिनी अक्षरांत असे दिले आहे की, ते ‘चालुक्य वल्लभ’ असे वाचता येते. वल्लभ हे बदामीच्या चालुक्यांचे बिरुद होते आणि तेव्हा गादीवर पुलकेशीचा नातू विनयादित्य होता.

चिनी दरबार अशा प्रत्येक भेटीला ‘खंडणी’ म्हणत असे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. येणारा व्यापारासाठी येवो वा मैत्रीसाठी, नोंद एकाच पद्धतीची होई. त्यावरून बदामीने चीनचे स्वामित्व मान्य केले होते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पुढे विजयनगरच्या बुक्करायाने इ.स. १३७४ मध्ये मिंग दरबारी दूत पाठवला, तेव्हाही तेथील लेखनिकांची भाषा तीच होती.

राजवंशांच्या नावांचाही असाच गोंधळ होतो. चालुक्य, यादव, भोसले ही कुळांची नावे आहेत. हान, थांग, मिंग ही मात्र कुळांची नावे नाहीत. हान सम्राटांचे आडनाव ल्यू, थांगांचे ली, मिंगांचे चू. आरंभीच्या वंशांनी संस्थापकाच्या जहागिरीचे किंवा पदवीचे नाव राज्याला दिले. मंगोलांच्या युआन वंशापासून मात्र अर्थ पाहून नाव ठरवण्याची प्रथा पडली. मिंग म्हणजे तेजस्वी.

सनावळीची पद्धतही निराळी होती. शालिवाहन शकासारखी अखंड मोजणी तेथे नव्हती. सम्राट आपल्या कारकीर्दीला शुभसूचक नाव देई आणि वर्षे त्या नावाने मोजली जात. मिंग काळापासून एका सम्राटाला एकच नाव, हा प्रघात रुळला. हेच नाव शाही भट्ट्यांतील चिनी मातीच्या भांड्यांच्या तळाशी लिहिले जाऊ लागले. हंपीच्या अवशेषांत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडतात. अशा तुकड्यावर चिन्ह असेल, तर ते कालनिर्णयास उपयोगी पडते. अर्थात नंतरचे कारागीरही जुन्या सम्राटांची चिन्हे खुशाल लिहीत, त्यामुळे केवळ चिन्हावर विसंबून चालत नाही.

तुतीची झाडे म्हैसूरला

पाळीव रेशीमकीटक म्हैसूर राज्यात स्थिरावला तो या सर्वांनंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. टिपू सुलतानाने बंगालला माणसे पाठवून कीटक आणवले आणि राज्यात २१ ठिकाणी त्यांच्या संगोपनाची व्यवस्था करण्याचे आदेश १७८६च्या सुमारास दिले. त्याच्या पत्रव्यवहारात हे तपशील आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात रोगांमुळे हा धंदा खालावला. जमशेदजी टाटा यांनी शतकाच्या अखेरीस जपानी तज्ज्ञांच्या मदतीने बंगळुरूत रेशीम प्रक्षेत्र सुरू केले. बसवनगुडीजवळचा एक भाग अजूनही ‘टाटा सिल्क फार्म’ म्हणून ओळखला जातो. १९१२ मध्ये म्हैसूरच्या संस्थानाने स्वित्झर्लंडहून माग आणून विणकाम कारखाना काढला.

येथील हवामानाने कीटकाचा स्वभाव पालटला. चीनच्या समशीतोष्ण प्रदेशांत प्रामुख्याने पाळला जाणारा कीटक वर्षातून दोन पिढ्यांचा. त्याचा कोष पांढरा, धागा लांब आणि मजबूत. म्हैसूरचा पारंपरिक वाण वर्षभर पिढ्यामागून पिढ्या देतो, उष्णतेला आणि रोगांना तोंड देतो. परंतु त्याचा कोष लहान, हिरवट पिवळा असतो आणि धागा तोकडा निघतो. यंत्रमागावर ताण्यासाठी एकसारखा, न तुटणारा धागा लागतो. तो चीनमधून स्वस्त मिळू लागला, तेव्हा विणकर तिकडे वळले आणि कोषांचे भाव कोसळले. विणकराला स्वस्त सूत हवे आणि शेतकऱ्याला कोषाला भाव हवा, असा हा पेच होता. २०००च्या दशकाच्या आरंभी भारताने चिनी कच्च्या रेशमावर अँटी-डंपिंग शुल्क लावले. दुसरीकडे म्हैसूरच्या मादीचा द्विपीढी वाणाच्या नराशी संकर करून मधला मार्ग काढण्यात आला.

रेशीम उत्पादनात चीन जगात पहिला आणि भारत दुसरा आहे. भारतात कर्नाटक आघाडीवर आहे. बंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील रामनगरच्या कोष बाजारात शेतकरी सकाळीच आपला माल घेऊन येतात. कोषांतील जीव तेव्हा जिवंत असतात आणि काही दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो. त्यामुळे भाव पटला नाही म्हणून माल साठवून ठेवण्याची सोय शेतकऱ्याला नसते. लिलाव त्याच दिवशी उरकावा लागतो.