परके शब्द, घरचे अर्थ : लाइन

पुण्यात वीज गेली की ‘लाइट गेली’ म्हणतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, वाराशिवनी, लांजीकडच्या मराठी घरांत मात्र ‘लाइन गेली’. नागपूर-गोंदियातही तेच. पुणेकराने दिव्याकडे पाहून नाव ठेवले, इकडच्यांनी तारेकडे पाहून. खांबावर चढणारा लाइनमन सगळीकडे लाइनमनच, त्यामुळे शब्द तसा सर्वांच्याच ओळखीचा; पण विजेलाच ‘लाइन’ म्हणणे ही या पट्ट्याची खास बोली.

‘लाइन’चे मूळ शेतात आहे, आणि तेही बालाघाटच्या शेतकऱ्याला रोज दिसणाऱ्या पिकात. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचे सूत काढत, त्या सुताला ‘लिनिआ’ म्हणत. ताणलेले सूत सरळ राहते, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव मिळाले. लिनन कापड आणि कोटाचे लायनिंग, म्हणजे अस्तर, हेही याच घरातले. जवसाचे शास्त्रीय नाव आजही ‘लिनम’नेच सुरू होते. वैनगंगेच्या खोऱ्यात धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, जमिनीतल्या ओलीवर, लाखोळी नि जवस फेकून पेरतात. त्याला ‘उतेरा’ म्हणतात. धान निघाले की त्याच बांधीत निळी फुले डोलू लागतात. आपल्याकडे जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपने त्याचा धागा काढला.

बालाघाटात हा शब्द घराघरांत पोचवला तो रेल्वेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर असा अडीच फुटी रूळ टाकला. तीच ‘छोटी लाइन’. अगदी अलीकडे ती मोडून ‘बडी लाइन’ झाली: 762 मिलिमीटरच्या जागी 1676 मिलिमीटर. शंभर वर्षांहून अधिक काळ इथली माणसे छोट्या लाइनीने गोंदियाच्या बाजाराला, लग्नांना, शिक्षणाला गेली. इथे ‘लाइन’ म्हणजे नुसते रूळ नव्हेत. गाडी, मार्ग, प्रवास सगळे त्यात आले. ‘लाइनीपलीकडे’ म्हटले की पत्ता समजतो.

‘लाइन क्लिअर’ तिचेच देणे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडून परवानगी घेतो. पूर्वी अनेक मार्गांवर त्या परवानगीचा पुरावा म्हणजे यंत्रातून निघणारा धातूचा गोळा असे. तो थैलीत घालून, थैलीची मोठी कडी धरून चालत्या इंजिनाकडे उंचावत, आणि ड्रायव्हर ती हाताने झेलून घेई. गोळा हाती नाही तर गाडी पुढे नाही. आज जमिनीच्या फेरफारापासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत अडलेले काम सुटले की लोक म्हणतात, लाइन क्लिअर.

पोलिसांची लाइन वेगळी. फौजेचे तंबू आणि बराकी ओळीने असत, म्हणून छावणीलाच इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत. तिच्यापासून वेगळी, मुलकी साहेबांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपूरची प्रसिद्धच आहे. मराठीने गंमत अशी केली की सिव्हिल लाइन्सचे अनेकवचन ठेवले, पोलीस लाइनचे मात्र पुसून टाकले. मध्य प्रदेशात या शब्दाला आणखी एक धार आहे. एखाद्या ठाणेदारावर ठपका आला की त्याला ठाण्यावरून काढून पोलीस लाइनीत बसवतात. बातमी येते, ‘लाइन अटॅच’. बालाघाट 1956 साली मध्य प्रदेशातच राहिला, शेजारचे भंडारा तेव्हा मुंबई राज्यात गेले; म्हणून हा प्रयोग इकडच्या मराठी तोंडी सहज येतो आणि वाघ नदीपलीकडे, महाराष्ट्रात, समजावून सांगावा लागतो.

बाकीचे अर्थ सर्वत्र सारखे. रेशनची लाइन, मेडिकल लाइन, गोलंदाजाची लाइन आणि लेंथ, कॉलेजच्या फाटकावर मारली जाणारी लाइन.

शब्द खरा मराठी झाला तो व्याकरणात. त्याला स्त्रीलिंग मिळाले, आणि लाइनीत, लाइनीवर, लाइनीने अशी रूपे आली, अगदी ‘विहीर-विहिरीत’च्या चालीवर. शब्दकोशात नोंद होण्यापेक्षा ही मान्यता मोठी, कारण ती कोणा पंडिताने दिलेली नाही.

त्याचा एक नवा उपयोग चिखलात झाला आहे. पूर्वी रोवणीला बाया अंदाजाने परे लावत. भातलागवडीची ‘श्री’ पद्धत आली तेव्हा बांधीत दोन टोकांना दोघी दोरी धरून उभ्या राहू लागल्या. दोरीवर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर खुणा. प्रत्येक खुणेशी एक कोवळे रोप. ओळ लागली की दोरी तेवढीच मागे सरते. एखादीचा हात चुकला की धुऱ्यावरून हाक येते, “लाइनीत लाव वो बाई!” इंग्रजांच्या रुळांआधी, बराकींआधी, लॅटिनमध्ये या शब्दाचा जो अर्थ होता, तो म्हणजे ताणलेली दोरी. गवंड्याची लाइनदोरीही तीच. एकाच वस्तूची दोन नावे मराठीने जोडून घेतली, आणि वीट अजून तिच्याच आधाराने बसते.

इंग्रजीतले सगळे अर्थ मात्र आपण घेतले नाहीत. नटाच्या तोंडचे वाक्य, कवितेची ओळ, कपाळावरची सुरकुती या सगळ्यांना तिकडे लाइन म्हणतात. मराठीकडे त्यांच्यासाठी स्वतःचे शब्द होते आणि ते टिकले. रूळ, तार, बराक या वस्तूच नव्या होत्या, तिथे शब्द वस्तूबरोबर आला.

पुढील आठवड्यात : ‘पास’.