दारी आलेला स्वार : स्तेप प्रदेशातील आतिथ्याची रीत

मांचुरियापासून हंगेरीपर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर पसरलेल्या, झाडे विरळ आणि गवत विपुल अशा पट्ट्याला स्तेप असे म्हणतात. या पट्ट्यातून घोड्यावर लांबचा प्रवास करणाऱ्याची मदार आजही जवळच्या शिध्यापेक्षा किंवा पैशापेक्षा वाटेत भेटणाऱ्या अनोळखी कुटुंबांवर अधिक असते. ही कुटुंबे त्याला चहा पाजतात, जेवू घालतात, अंथरूण देतात आणि बहुधा मोबदल्याची अपेक्षा ठेवत नाहीत. परक्या प्रवाशांच्या वर्णनांत याची नोंद मनाचा मोठेपणा अशी होते. मोठेपणा त्यात आहेच. पण तेवढ्यावरच थांबले तर या रीतीमागची व्यवस्था नजरेआड राहते आणि पाहुण्यावर तिने टाकलेली जबाबदारीही.

मंगोलियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट, तर लोकसंख्या जेमतेम ३५ लाख असून तीतही जवळजवळ निम्मी माणसे उलानबातर या राजधानीत राहतात. उरलेल्या मुलखात घोडे, उंट, गुरे, मेंढ्या आणि शेळ्या राखणारी कुटुंबे ऋतुमानाप्रमाणे कुरणे बदलत राहतात, त्यामुळे दोन बिऱ्हाडांमध्ये कित्येकदा मैलोन्‌मैल वस्ती नसते. या मुलखात भटकलेली घोडी शोधायला निघालेला मेंढपाळ रात्री ज्या घरी पोहोचेल त्या घरी राहतो, आणि आजचा यजमान पुढच्या महिन्यात याच कामासाठी दुसऱ्याच्या दारी उभा असतो. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. ‘झुद’ नावाचे संकट, म्हणजे बर्फाने आणि थंडीने चारा अप्राप्य होऊन जनावरे हजारोंनी मरण्याचा हिवाळा, अधूनमधून येतेच; २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली. अशा ठिकाणी दार बंद करणे म्हणजे माणसाला मरणाच्या हवाली करणे, आणि हे दार आपल्यासाठीही कधीतरी बंद होऊ शकते याची जाणीव प्रत्येक घराला असते. परतफेड त्याच माणसाला करायची नसते, कोणालाही करायची असते. म्हणूनच हिशेब ठेवण्याची गरज पडत नाही.

स्वार दारी येतो तो ठरलेल्या क्रमाने. ‘गेर’ म्हणजे लाकडी जाळीच्या भिंतींवर नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, आच्छादन घालून उभारलेले वर्तुळाकार घर. त्याचे दार दक्षिणेला असते. स्वार दुरूनच ‘नोखोइ खोर’, म्हणजे ‘कुत्रा आवरा’, अशी हाक देतो आणि घरात कुत्रा नसला तरी ही हाक दिली जाते, कारण तिचा खरा उपयोग आपण चोरपावलांनी आलो नाही हे कळवण्याचा असतो. घोडा दोन खांबांच्या मध्ये उंचावर ताणलेल्या दोराला बांधून, उंबऱ्यावर पाय न देता तो आत येतो आणि पाहुण्यांच्या पश्चिमेकडच्या बाजूला बसतो. पूर्वेची बाजू स्त्रियांची आणि स्वयंपाकाची, तर दारासमोरची उत्तरेकडची जागा सर्वांत मानाची. मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे केला जातो, तो उजव्या हाताने, डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देत घ्यायचा असतो. त्यापाठोपाठ वाळवलेल्या दह्याचे घट्ट तुकडे, तळलेले पिठाचे पदार्थ आणि उन्हाळा असेल तर ‘ऐराग’, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, येते. बोलण्याची सुरुवात ऋतू कसा चालला आहे आणि जनावरे धष्टपुष्ट आहेत ना, या विचारपुशीने होते. कोठून आलात आणि कोठे निघालात, हे त्यानंतर विचारले जाते. वाटेत पाऊस कोठे झाला, गवत कोठे चांगले आहे, कोणाच्या घरी लग्न ठरले आहे, हे सांगणे पाहुण्याचे काम असते, आणि जेथे बातमी स्वाराबरोबर येते तेथे त्याचे तेवढे देणेही पुरेसे असते.

घोड्याची सोय हा या पाहुणचाराचा अर्धा भाग आहे. घामाघूम झालेल्या घोड्याला लगेच चरायला किंवा पाणी प्यायला न सोडता तो निवेपर्यंत बांधून ठेवायचा, मग दोन पुढचे आणि एक मागचा पाय गुंतवणारा चामड्याचा पायबंद घालून चरायला सोडायचा, ही रीत यजमान आणि पाहुणा दोघेही पाळतात. जो आपल्या जनावराची हेळसांड करतो, त्याच्याविषयी घरात पहिल्याच घटकेला मत बनते, आणि ते योग्यच आहे.

कझाक समाजात हीच रीत अधिक नेमक्या नियमांत बांधलेली होती. आगाऊ न कळवता आलेल्या वाटसरूला ‘कुदाइ कोनाक’, म्हणजे देवाने पाठवलेला पाहुणा, म्हणत. त्याला द्यायच्या जेवणाला ‘कोनाकासी’ म्हणत, आणि ते नाकारणाऱ्यास परंपरागत कायद्यात दंड होता. यामागे एक आख्यायिका सांगितली जाते. मूळ पुरुषाने आपली संपत्ती मुलांत वाटताना एक हिस्सा न वाटता सर्वांकडे ठेवला, तो पाहुण्यांचा. या कल्पनेप्रमाणे पाहुणा उपकार मागत नाही, आपला वाटा घेतो, आणि त्यामुळे त्याला लाज वाटण्याचे कारण उरत नाही. सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचे शिजवलेले डोके ठेवले जाते. तो त्यातून कापून इतरांना देतो आणि कान मुलांना देतो. पुढे ठेवलेले अन्न वाटून टाकण्याचे काम पाहुण्यावर सोपवणारी ही प्रथा अतिशय सुंदर आहे.

या रीतीची परीक्षा अलीकडच्या काळात ऑस्ट्रेलियन प्रवासी टिम कोप यांच्या प्रवासाने झाली. २००४ च्या उन्हाळ्यात मंगोलियातील काराकोरम या जुन्या राजधानीपासून निघून ते २००७ मध्ये हंगेरीला पोहोचले. सुमारे १०,००० किलोमीटरच्या या प्रवासाला त्यांच्या अंदाजाच्या दुप्पट, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागला. सुरुवातीच्याच दिवसांत त्यांचे घोडे चोरीला गेले आणि नंतर ज्याच्या कळपात सापडले, त्या माणसाने घोडे आपणहून आल्याचे सांगून, ते नीट बांधत जा, असा सल्ला दिला. घोडेचोरी आणि आतिथ्य एकाच मुलखात नांदतात, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. किंबहुना ज्याच्या घरी स्वार रात्र काढतो, तो घरधनीच त्याच्या घोड्यांचे सर्वांत खात्रीचे संरक्षण असतो. कझाकस्तानात त्यांना तिगॉन नावाचे कुत्र्याचे पिल्लू मिळाले. ते पुढे हंगेरीपर्यंत त्यांच्याबरोबर चालले.

कोप ज्या कझाक भूमीतून गेले, तिने १९३० ते १९३३ या काळात सोव्हिएत राजवटीने लादलेल्या सामूहिकीकरणामुळे भीषण दुष्काळ पाहिला होता. कळप हिरावले गेले, भटक्या कुटुंबांना सक्तीने स्थायिक करण्यात आले आणि सुमारे १५ लाखांपर्यंत माणसे मरण पावली, त्यांत कझाकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक होते; शिवाय अनेक जण परागंदा झाले. ज्या समाजाकडून पाहुण्यासाठी राखलेली मेंढीसुद्धा काढून घेतली गेली, त्याने पुढच्या पिढ्यांत पुन्हा अनोळखी माणसासाठी चहा ठेवावा, ही गोष्ट कोणत्याही भौगोलिक कारणाने पूर्ण उलगडत नाही.

आज मंगोलियातील मेंढपाळ मोटारसायकलवरून कळप वळतात, भ्रमणध्वनीवरून हवामान कळते आणि वाटसरूच्या बातमीची किंमत घटली आहे. शिवाय झुदनंतर हजारो कुटुंबे शहराकडे गेल्याने मागे राहिलेल्या थोड्या घरांवर पाहुण्यांचा भार वाढतो, आणि पर्यटकांच्या वाटेवरील घरांना तो प्रत्येक उन्हाळ्यात सोसावा लागतो. घोड्यावरून जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला पुढच्या महिन्यात कोणाचे यजमान होता येत नाही. परतफेडीच्या त्या साखळीत त्याचा दुवा निसटलेलाच राहतो. म्हणून जाणते प्रवासी पैसे पुढे न करता पीठ, साखर, चहा किंवा मुलांसाठी वह्या ठेवून जातात, लाकूड फोडण्यात आणि मेंढ्या वाड्यात घालण्यात हात लावतात, आणि हिवाळ्यात मुक्काम लांबला तर घोड्यांच्या वैरणीचा खर्च आपणहून उचलतात, कारण पाहुण्याचे जेवण घरच्या पातेल्यातून निघू शकते, पण घोड्यांची वैरण यजमानाच्या स्वतःच्या जनावरांच्या तोंडातून काढावी लागते.