लाल गोळी आणि चहा (गर्भारपणातला आहार : भाग ११)

गर्भारपणातल्या मधुमेहावर या वेळी लिहितो म्हणालो होतो. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतोय, कारण कराडजवळच्या एका गावातून आलेलं पत्र. सुनेला पाचवा महिना लागलाय. "लाल गोळ्या सुरू केल्यापासून तिचं वजन भराभर वाढतंय. बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल का? गोळ्या थांबवून चहा थोडा वाढवला तर वजन आटोक्यात राहील का?" असं सासूबाई विचारतात. ही धास्ती मी इतक्या घरांत ऐकलीय की तिला अख्खा भाग द्यायलाच हवा.

त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. तिने अंगावर चरबी चढत नाही. मग वजन का वाढतं? गोळ्या सुरू होतात चौथ्या महिन्यात. बहुतेकींच्या उलट्या थांबतात त्याच सुमारास. अन्नावरची वासना परत येते, बाळ, वार, गर्भजल, आईचं रक्त, सगळंच वाढू लागतं. नाव मात्र गोळीचं होतं.

आणि हे वजन वाढायलाच हवं. आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो, आई मुळात किरकोळ असेल तर साडेबारा ते अठरा, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००९मध्ये ठरवलं. आपल्याकडच्या बायकांची वाढ सरासरी सात किलोंच्या आसपासच अडकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोंचीही नव्हती. ज्या आया पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः भरलेली होती. म्हणजे काळजी करायची ती बाळ लहान राहण्याची.

आता चहा. आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका ताईंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. एकही गोळी चुकलेली नव्हती, तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. कशाबरोबर घेता, विचारलं. "सकाळी चहाबरोबर. पाण्याने मळमळतं."

मुदत संपलेली एक गोळी कुटून अर्ध्या कप कोमट पाण्यात कालवा आणि त्यात चमचाभर कोरा चहा ओता. पाणी बघता बघता काळपट होतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग करतात, तीच ही क्रिया. गोळीतलं फेरस सल्फेट म्हणजे हिराकसच, आणि हिरड्यातल्या टॅनिनसारखीच तुरट द्रव्यं चहात असतात. ती लोहाला धरून बसतात आणि आतड्यातून ते रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणातल्या लोहाचंही तेच होतं. १९८३च्या एका प्रयोगात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. उकळून उकळून लालभडक केलेल्या चहात तुरटपणा आणखी उतरतो.

कॅफीनची भीती त्यामानाने कमी. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जात असाल तर कमी करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही देश २०० मिलिग्रॅमवरच थांबायला सांगतात. आपल्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. दोन कपांनी काही बिघडत नाही. पण गर्भारपणाच्या शेवटी शेवटी कॅफीन शरीरातून फार सावकाश जातं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून वजन रोखायला चहा वाढवणं हा उपाय नव्हेच. चहाने भूक मरते, भाकरीच्या जागी चहा-खारी येते, आणि ज्या वजनाची बाळाला गरज आहे तेच घटतं.

तेव्हा काकू, गोळी बंद करू नका. रात्री जेवणानंतर दोनेक तासांनी लिंबूपाण्याबरोबर द्या. मळमळ झाली तर झोपताना द्या. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. चहा जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी लांब ठेवा. वजन खरोखरच आठवड्याला किलोभर वाढत असेल, पायांवर, तोंडावर सूज असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

पुढच्या आठवड्यात मधुमेह.