सिनेमा पुरा करणे आणि पोचवणे

आपल्या सीमाभागातल्या तरुणांच्या हातात आता कॅमेरा आला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठेही जा, शॉर्टफिल्म करणारा एखादा तरी भेटतोच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ही मंडळी मला हक्काने फोन करतात. "दादा, सबटायटल मागेपुढे होतायत, बघ की जरा." या फोनांमधून मला दोन प्रकारचे लोक दिसतात. एकाचे एडिटिंग दोन वर्षे चाललेले असते आणि दर महिन्याला नवा कट निघतो. दुसऱ्याचा सिनेमा अर्धाच झालेला असतो, पण पोस्टर आणि रील मात्र रोज येतात. दोघेही कष्टाळू असतात. दोघांचेही पैसे अडकलेले असतात आणि बहुतेक वेळा ते घरच्यांचे असतात.

अशा वेळी मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो. पहिला भारतीय कथापट काढणारे म्हणून त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी तो सिनेमा पुरा कसा केला आणि लोकांपर्यंत कसा नेला, ते आजही शिकण्यासारखे आहे.

गिरगावच्या एका थिएटरात येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहून फाळक्यांच्या डोक्यात सिनेमाने घर केले. अभ्यासापायी इतके चित्रपट पाहिले की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र पाहिले, कॅमेरा आणि इतर सामान खरेदी केले आणि एप्रिलमध्ये परतले.

पण मोठ्या चित्रपटाला पैसे कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून रोप उगवताना दाखवणारी छोटीशी फिल्म तयार केली. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. ती फिल्म जेमतेम मिनिटभराची असली तरी पूर्ण होती, म्हणून कुणालाही दाखवता येत होती. ती बघितल्यावर कर्ज देणारे पुढे आले. अर्धवट मोठ्या कामापेक्षा पुरे झालेले छोटे काम जास्त बोलते, हे तिथे दिसते.

'राजा हरिश्चंद्र'चे काम दादरला सुरू झाले आणि ६ महिने २७ दिवसांत ३,७०० फुटांची फिल्म तयार झाली. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की कुणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले.

फाळक्यांची एकाग्रता त्यांच्या एकट्याच्या बळावर टिकली नव्हती. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळला आणि रात्री फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे केली. त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग येतो. रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र खेळताना दगडावर पडला आणि बेशुद्ध झाला. प्रथमोपचारानंतर सोबतच्यांनी चित्रीकरण थांबवा म्हटले. पुढचे दृश्य मेलेल्या रोहिदासाचे होते. फाळक्यांनी ते तशाच अवस्थेत चित्रित केले. हा प्रसंग निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला स्वतःला, एका मुलाचा बाप म्हणून, तो वाचवत नाही. ध्यास कितीही मोठा असो, त्याची किंमत घरातले कोण मोजत आहे हे विचारायला हवे. शॉर्टफिल्मसाठी बायकोची एफडी मोडणाऱ्यांनी तर नक्कीच.

सिनेमा पुरा झाल्यावर फाळक्यांनी तितक्याच तन्मयतेने दुसरे काम हाती घेतले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ केला. ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. तेव्हा एवढ्या चित्रपटावर कार्यक्रम पुरा होत नसे, म्हणून सोबत नाच, विनोदी नक्कल आणि पायांवर वस्तू खेळवणारा कसरतपटू होता. तिथे खेळ तीन आठवड्यांहून जास्त चालला.

सुरतेत मात्र पहिल्या दिवसाची मिळकत झाली तीन रुपये. इथे आपल्यापैकी कुणीही निराश होऊन सिनेमा पुन्हा एडिटिंगला घेतला असता. फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तेही किरकोळ पैशांत, अशी ती जाहिरात होती. गर्दी लोटली आणि मिळकत तीनशेवर गेली. मी हिशेब करून पाहिला. एका फुटात १६ चौकटी धरल्या तर ३,७०० फुटांत ५९,२०० होतात. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास खरा. दोन मैल मात्र अतिशयोक्तीच, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही! पण आपल्या मालाची इंच न् इंच माहिती असलेल्या माणसालाच अशी जाहिरात सुचू शकते.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक तारीख ठरवतो, जिच्यानंतर कोडमध्ये नवे काही घालायचे नाही. सिनेमावाले यालाच पिक्चर लॉक म्हणतात. त्या तारखेपर्यंत फक्त सिनेमा, आणि नंतर फक्त प्रेक्षक. दोन्हींना सारखेच लक्ष लागते, पण एकाच वेळी नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले आणि आपल्याकडे तो थिएटरात आला एप्रिल २०१५ मध्ये. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटालाही प्रेक्षकांपर्यंत यायला सात महिने लागले, तर आपण आठवड्यात व्ह्यूज आले नाहीत म्हणून खचायचे कशाला?

आपल्या भागाला एक फायदा आहे. हरिश्चंद्राची कथा जशी मराठी घरात माहीत आहे तशीच कन्नड घरातही. तेराव्या शतकात राघवांकाने त्यावर कन्नडात काव्य रचले. फाळक्यांचा मूकपट पाट्यांवर चालला, आपल्याकडे सबटायटल आहेत. मराठी शॉर्टफिल्मला कन्नड सबटायटल दिले की शेजारच्या घरातला प्रेक्षक आपोआप जोडला जातो. बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ पासून सुरू आहे. एका शनिवारी बीदरला खेळ आणि रविवारी कलबुर्गीला, असे मंडळाच्या सभागृहात पडदा लावून सहज करता येईल. तिकीट ठेवा, अगदी दहा रुपये का असेना. पहिल्या दिवशी तीनच रुपये जमले तर दुसऱ्या दिवशीची जाहिरात नव्याने लिहायची.